जप्त न होणाऱ्या वस्तू

माणसाकडून काय काढून घेता येत नाही, याची यादी जशी संतांनी केली तशी सरकारनंही केली आहे. संतांची आत्म्यापासून सुरू होते, सरकारची अंगावरच्या कपड्यांपासून. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० वाचा. गरजेपुरते कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धर्माप्रमाणे बाईला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने, म्हणजे आपलं मंगळसूत्र, यांवर जप्ती नाही. हिशेबाच्या वह्याही सुटतात. निम्मी हयात वह्यांत घालवलेला कारकून म्हणून सांगतो, त्या फुकट दिल्या तरी कोणी नेणार नाही. वारसाहक्काची नुसती आशाही जप्त होत नाही. म्हाताऱ्या काकांवर डोळा ठेवून बसलेल्यांनी निर्धास्त असावं!

याच यादीत सरकारी पेन्शन आहे. १८७१ चा पेन्शन कायदा तर शारीरिक असमर्थतेबद्दल दिलेल्या पेन्शनीचं वेगळं नाव घेतो. आणि दिवाणी कोर्टाला जे जप्त करता येत नाही, ते थकलेल्या प्राप्तिकरापोटीही करायचं नाही, असं १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टानं घालून दिलं.

तरीही आमच्या काउंटरवर एक सुभेदार कुबडी टेकत आले. फौजेत पाय गेलेला. नंतर काढलेलं दुकान बसलं, पण दुकानाचा कर उभाच राहिला. नोटीस आली आणि खातं गोठलं. खात्यात होती फक्त अपंगत्वाची पेन्शन.

"साहेब, पाय सरकारच्या कामी गेला, म्हणून सरकारनं पेन्शन दिली. आता तीच अडकवायची असेल तर पाय तरी परत द्या म्हणावं!"

संगणकाला रुपया कळतो, रुपयाचं गोत्र कळत नाही. सर्वोच्च न्यायालयाला ते कळतं. २००८ साली, एका बँकेच्याच वसुलीच्या खटल्यात त्यानं सांगितलं, की पेन्शन हाती पडली तरी तिचं पेन्शनपण जात नाही. पण हे ज्याचं त्यानं अर्ज करून सांगावं लागतं. पेन्शनच्या हुकमाची नक्कल, पासबुकातल्या नोंदी आणि कर अधिकाऱ्याला पत्र. सुभेदारांचं नशीब, की त्यांनी या खात्यात दुकानाचा गल्ला कधी मिसळला नव्हता. दूध-पाणी वेगळं करायला राजहंस लागतो, आणि सरकारी कचेरीत ते पद मंजूर नाही.

तेविसाव्या दिवशी खातं सुटलं. पैसे मोजून घेत सुभेदार म्हणाले, "भांडी जप्त होत नाहीत म्हणता ना? मग तेवीस दिवस त्यांत शिजवायचं काय, याचं कलम कुठलं?"

मी आख्खं कलम ६० पुन्हा वाचलं. त्यात ते नाही.