डोंगराला वळसा

मुंबईच्या उपनगरांचा नकाशा समोर ठेवला, तर त्याच्या मधोमध एक हिरवा डोंगर दिसतो. पूर्वेला घाटकोपर, भांडुप, मुलुंड. पश्चिमेला अंधेरी, कांदिवली, बोरिवली. आणि दोहोंच्या मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा शंभर चौरस किलोमीटरांहून अधिक प्रदेश. मुलुंडची लेक बोरिवलीला दिली, तर पक्ष्याच्या वाटेने माहेर बारा-तेरा किलोमीटरांवर असते. रस्त्याने निघाले, की डोंगराला वळसा घालावा लागतो. आपल्या व्यापारी घरांना हा वळसा परिचयाचा आहे तो खर्चाच्या खात्यातून. भिवंडीच्या गोदामातून निघालेला टेम्पो घोडबंदरला अडकला, उगराणीला गेलेला माणूस पवईच्या सिग्नलवर खोळंबला, एवढीच या रस्त्यांची आपल्याशी ओळख.

हाच वळसा एखाद्या सुट्टीच्या सकाळी, कसलेही काम नसताना, मोटरसायकलवरून पूर्ण घालावा, असा बेत मी आणि माझ्या मुलाने एका प्रजासत्ताकदिनी केला. मुलुंडहून निघून पुन्हा मुलुंडला येणारी ही फेरी सुमारे साठ किलोमीटरांची. २६ जानेवारी त्यासाठी सोयीची: हवा थंड, रस्ते कोरडे, दुकाने आणि कचेऱ्या बंद. आदल्या संध्याकाळी पेट्रोल भरून, टायरमधील हवा तपासून ठेवली. हेल्मेट दोघांनाही, मागे बसणाऱ्याचे डोके कमी मोलाचे नसते.

पहाटेच्या अंधारात आम्ही लालबहादूर शास्त्री मार्गाला लागलो. हा मुळचा आग्रा रोड. मुंबईचा माल याच वाटेने ठाणे, नाशिक करीत उत्तर हिंदुस्थानात जाई. एरवी या रस्त्यावर पुढच्या ट्रकच्या पाठीवरील अक्षरांखेरीज काही दिसत नाही. त्या दिवशी उजव्या हाताला डोंगराची काळी कड सलग दिसत होती. डावीकडे रेल्वेच्या पलीकडे मिठागरे आणि ठाण्याची खाडी, जिथे हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. डोंगर आणि खाडी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यात आपण राहतो, हे इतकी वर्षे इथे राहूनही कधी असे डोळ्यांनी दिसले नव्हते.

भांडुप आले, तेव्हा मुलाला एक जुनी हकीकत सांगितली. सरकारी मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क १८४३ साली भांडुपला आला असता मुंबईपासून ठाणे-कल्याणकडे लोहमार्ग न्यावा, ही कल्पना त्याला प्रथम सुचली असे सांगतात. पुढे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत ३४ किलोमीटरांची पहिली गाडी धावली. घाटकोपर-मुलुंडच्या आजच्या बाजारपेठा उभ्या आहेत त्या याच लोहमार्गाच्या आधाराने.

विक्रोळीला गांधीनगरच्या चौकातून उजवीकडे वळलो, की जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता. आयआयटीचे प्रवेशद्वार मागे पडते आणि उजव्या बाजूस पवईचे तळे उघडते. पाण्यावर धुके होते, पलीकडे डोंगर उजळत होता. नवकारशीची वेळ होईपर्यंत तिथेच थांबलो आणि मग घरून आणलेले खाकरे आणि थर्मासमधले उकाळलेले पाणी घेतले. या तळ्याच्या मागे, डोंगराच्या कुशीत विहार आणि तुळशी हे आणखी दोन तलाव आहेत. मुंबईला नळाचे पाणी प्रथम मिळाले ते विहारचे, १८६० च्या सुमारास. तुळशी १८७९ मध्ये पूर्ण झाला. आज शहराचे बहुतेक पाणी दूरच्या धरणांतून येत असले, तरी हे दोन्ही तलाव अजूनही आपला वाटा देतात. ज्या डोंगराला आपण अडथळा समजतो, त्याने पूर्वजांची तहान भागवली आहे.

पवईपुढे आरेची वाट धरली. १९४९ साली शहरातील म्हशींचे तबेले एकत्र आणून इथे दुग्धवसाहत वसवण्यात आली. तबेले आहेत, आदिवासींचे पाडे आहेत, दोन्ही बाजूंनी झाडांची कमान आहे. मोकळा रस्ता पाहून मुलाचा हात मुठीवर आपोआप फिरू लागला. मी खांद्यावर हलकेच थाप मारली. तो म्हणाला, “पप्पा, रस्ता तर रिकामा आहे.”

“माणसांनी रिकामा आहे,” मी म्हटले. “बाकीच्यांची आज सुट्टी नाही.”

पुढच्याच वळणावर दोन गाई रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या. एक मुंगूस झुडपातून निघून पलीकडे गेले. आपल्या साधूंना पावलापुढची भूमी पाहून चालण्याचा नियम आहे. गृहस्थाने निदान चाकापुढची भूमी पाहावी. सुट्टीच्या दिवशी मोकळे रस्ते पाहून तरुण मुले शर्यती लावतात आणि एखाद्या घरी सणाच्या दिवशी रुग्णालयाची धावपळ होते. मुलाने वेग चाळीसवर आणला. त्या वेगात हवेतला ओल्या गवताचा वास येतो, पक्ष्यांचे आवाज ऐकू येतात आणि मागे बसलेल्याशी बोलता येते. दुकानात दिवसभर एकत्र असूनही आमचे बोलणे भाव, उधारी आणि मालाची आवक यांच्या पुढे जात नाही. आरेच्या त्या तीन-चार किलोमीटरांत त्याने पहिल्यांदा सांगितले, की त्याला दुकानाची एक शाखा बोरिवलीला काढायची आहे.

गोरेगावला पश्चिम द्रुतगती महामार्गावर आलो. शाळांच्या आणि सोसायट्यांच्या आवारात ध्वजवंदन चालू होते. बोरिवलीला राष्ट्रीय उद्यानाच्या दाराशी सकाळी फिरायला येणाऱ्यांची गर्दी होती. आत डोंगरावर कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. तिथल्या ब्राह्मी शिलालेखांत दात्यांची नावे कोरलेली असून त्यांत कल्याण, सोपारा येथील व्यापारी आहेत. बंदरात कमावलेला पैसा दोन हजार वर्षांपूर्वी या डोंगरावर भिक्षूंच्या निवाऱ्यासाठी आणि पाण्याच्या टाक्यांसाठी खर्च झाला. दान देणाऱ्या व्यापाऱ्यांची या परिसरातील परंपरा किती जुनी आहे, हे या लेखांवरून कळते.

दहिसर, काशीमीरा ओलांडून घोडबंदरच्या रस्त्याला वळलो. परदेशी घोडे उतरत ते हे बंदर. इथून गायमुखपर्यंत रस्ता अरुंद, चढउताराचा. एका बाजूला जंगल, दुसऱ्या बाजूला वसईची खाडी. अवजड वाहने सुट्टीच्या दिवशीही थोडीफार असतातच, म्हणून इथे ओव्हरटेकच्या मोहात पडू नये. गायमुख मागे टाकले, की ठाण्याच्या इमारती सुरू होतात, आणि माजिवडा, तीन हात नाका करीत आपण मुलुंड चेकनाक्यावर येतो.

या नाक्यावर १ जुलै २०१७ पर्यंत जकात भरावी लागे. कागद हातात घेऊन ट्रकच्या रांगेत घालवलेल्या रात्री माझ्या पिढीला चांगल्या आठवतात. जीएसटी आला आणि जकात गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये हलक्या वाहनांचा टोलही गेला. आता डोंगराचा वळसाही जायचा आहे. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे जुळे बोगदे आणि ठाणे-बोरिवलीचा बोगदा, दोन्ही उद्यानाच्या पोटातून जाणार आहेत. दोन्हींचे भूमिपूजन १३ जुलै २०२४ रोजी झाले. मुलाच्या बोरिवलीच्या शाखेचा हिशेब त्यावरच बसलेला आहे, आणि व्यापारी म्हणून मला त्याचा आनंदच आहे. माल वेळेवर पोहोचेल, लेकी माहेरी लवकर येतील.

मात्र बोगद्यातून जाणाऱ्याला डोंगर दिसत नाही. पवईचे धुके, आरेची सावली, कान्हेरीचा कडा आणि गायमुखची खाडी ही सारी वरच राहतील. ज्या घरात मोटरसायकल आणि विशीतला मुलगा दोन्ही आहेत, त्या घरातील वडिलांनी पुढच्या सुट्टीला मागच्या आसनावर बसून ही फेरी करावी. वेग चाळीसचा ठेवावा, आणि मुलाला बोलू द्यावे.