बुटात ज्ञानोदय

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पावसाळा यायच्या आत आमच्या चाळीत कोण कुणाचं किती देणं लागतो हे सगळ्या मजल्याला पाठ झालं. वाण्याची वही, दूधवाल्याच्या भिंतीवरच्या रेघा, आईच्या बांगड्या कुठे आहेत, सगळंच. अडीच लाख कामगार घरी बसले, त्यांतले एक आमचे अण्णा. आधी ते संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंतांच्या सभांना जात. मग भातलावणीला म्हणून कोकणात गेले आणि परत आले ते बोलणं गावीच ठेवून. लालबागच्या आमच्या भजनी मंडळात पखवाज त्यांच्याकडे असे. तो कोनाड्यात गेला.

ती देणी पुढे फिटली. मी नोकरीला लागलो, आईने वाण्यासमोर उभं राहून वहीवर काट मारून घेतली. एक देणं मात्र कुठल्याच वहीत नव्हतं, त्यामुळे ते फेडायचं कसं हे कुणी सांगू शकलं नाही.

ज्याचं ते देणं, तो माझा मित्र परळच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये राहायचा. वडील परळ वर्कशॉपमध्ये फिटर, घराणं नगरकडचं. आडनाव चारचौघांसारखं मराठी, त्यामुळे एका नाताळात त्याने डबाभर करंज्या आणेपर्यंत तो ख्रिस्ती आहे हे आमच्या टोळक्यात कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. आमच्या लेखी ख्रिश्चन म्हणजे गिरगावातली खोताची वाडी, दादरचं पोर्तुगीज चर्च आणि सिनेमातला दारू पिणारा इसम. याच्या घरी तर आमच्यापेक्षा चोख मराठी. भायखळ्याच्या ह्यूम मेमोरियल चर्चमध्ये दर रविवारी उपासना, तीही मराठीतच. स्वभावाने म्हणाल तर संत वगैरे मुळीच नव्हता. चहाचे पैसे द्यायची वेळ आली की त्याला खिसा सापडत नसे, पत्त्यांत हरला की चिडायचा, आणि गुहेत झोपलो तर त्याच्या घोरण्याने वटवाघळं उठत.

आम्ही ट्रेकला निघायचो शनिवारी रात्री. दादरहून शेवटची कर्जत लोकल, फलाटावर झोप, पहाटे एसटी. रविवारची उपासना चुकते म्हणून तो सहसा येत नसे. सव्वीस जानेवारी किंवा एक मे सोयीच्या वारी आले तरच त्याचं दर्शन. पोरं टिंगल करायची. तो उत्तर द्यायचा नाही.

संपाला वर्ष होत आलं त्या हिवाळ्यात पेठचा किल्ला ठरला. मी पाय दुखतोय म्हणून सांगितलं. पाय ठणठणीत होता. चपलेचा अंगठा तुटलेला होता आणि तिकिटाला पैसे नव्हते. शनिवारी संध्याकाळी तो आमच्या दारात उभा. काखेत मोठ्या भावाचे हंटर शूज, खिशात दोघांची परतीची तिकिटं. बूट मला दोन नंबर मोठे. त्याने पिशवीतून जुने अंक काढले, पानं फाडली आणि बुटांच्या पुढच्या टोकात कोंबायला लागला. १८४२ पासून निघणारं ‘ज्ञानोदय’. त्यांच्या घरी ते नेमाने येई.

“अरे, तुमचं देवाचं मासिक ना हे?”

“वाचून झालंय.”

“आणि उद्याचा रविवार?”

बूट दाबत तो म्हणाला, “शब्बाथाच्या दिवशी मेंढरू खड्ड्यात पडलं तरी वर काढायचं असतं. येशूचीच गोष्ट आहे.”

“म्हणजे मी मेंढरू?”

“नाडी बांध.”

माझ्या घरच्या परिस्थितीवर तो त्या दिवशी बोलला असेल तर एवढंच. आईने त्याला चहा दिला. साखर नव्हती. त्याने तो पिऊन आणखी अर्धा कप मागितला.

कर्जतच्या फलाटावर मला पहाटे जाग आली तेव्हा तो ट्यूबलाइटखाली बसून छोटासा नवा करार वाचत होता. मी जागा झालेला पाहिल्यावर त्याने पुस्तक मिटलं, लपवलं मात्र नाही. आंबिवलीहून चढलो. कोवळं ऊन, गवत पिवळं पडलेलं, पायांत बुटांचं ओझं. पेठ गावात एका आजींनी भाकरी आणि पिठलं दिलं. पहिला घास घेण्याआधी त्याने डोळे मिटले. “झोप झाली नाही वाटतं!” कुणीतरी म्हणालं. आजीच त्या मुलावर डाफरल्या, “देवाचं नाव घेतोय तो, गप जेव.” कुठला देव, हे त्यांनी विचारलं नाही.

गावामागे सुळका उभा राहतो. त्याच्या पायथ्याशी भैरोबाची गुहा आहे, कोरीव खांबांची, आत जमीन इतकी सपाट की पंगत बसावी. आणि शेजारून सुळक्याच्या पोटात कोरलेला जिना. कुणी, किती छिन्न्या झिजवून हा आतून पोखरला असेल! पायऱ्या गुडघ्याएवढ्या, मध्येच उजेडाला भगदाड, भगदाडातून थेट खालचं रान. तिथे मोठ्या बुटाचं टोक पायरीत अडकलं आणि मी जागच्या जागी थिजलो. वरही जाववेना, खालीही. बाकीचे पुढे गेले होते. तो माझ्या एक पायरी खाली थांबला. घाबरू नकोस, हात दे, असलं काहीच बोलला नाही. हळू आवाजात अभंग म्हणायला लागला, आणि दर चरणाला मी एक पायरी चढलो.

वर टाक्यापाशी बसल्यावर मी विचारलं, “तुकोबांचा का रे? अण्णांकडून कधी ऐकला नाही.”

“टिळकांचा.”

“लोकमान्य अभंग लिहायचे?”

त्याला हसू आवरेना. “अरे, आमच्या टिळकांचा!”

रेव्हरंड नारायण वामन टिळक. शाळेत ‘केवढे हे क्रौर्य!’ पाठ केली होती, पण ते कवी पुढे ख्रिस्ती झाले हे कुणी सांगितलं नव्हतं. समोर सिद्धगड आणि भीमाशंकरची रांग, आणि हा सांगतोय: १८९३ साली राजनांदगावला जाताना गाडीत एका गोऱ्या प्रवाशाने टिळकांना नवा करार दिला. तो कोण होता हे शेवटपर्यंत कळलं नाही. दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी १८९५ ला, मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई मागे राहिल्या, पाच वर्षांनी आपल्या पायांनी आल्या. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो, असं टिळक सांगत.

पुढे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयातून लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ आणून वाचलं, तेव्हा त्या डब्यातल्या अनोळखी माणसावर मी बराच विचार केला. मला याने कधी पुस्तक दिलं नाही. इतक्या वर्षांत कधी सुचवलंही नाही. बूट दिले. जे धर्मज्ञान आलं ते पायाच्या अंगठ्याशी चुरगळून आलं.

काही आठवड्यांनी तो घरी आला असताना मी अण्णांसमोर त्याला तोच अभंग म्हणायला लावला. मला वाटलं, अण्णा नाक मुरडतील. ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. दुसऱ्या चरणाला म्हणाले, “ताल सोडतोयस.” त्याने पुन्हा सुरुवात केली. “पुन्हा सोडलास.” मग उठून बसले, आईला म्हणाले, “पखवाजाला लावायला कणीक दे.”

“पोळ्यांपुरती राहू दे,” आई म्हणाली, आणि गोळा मळायला बसली.

दोघं उशिरापर्यंत बसले. शेवटी अण्णांनी निकाल दिला, “अभंग कुणाच्याही नावाचा असू दे, चाल आपली आहे.” त्याने वाद घातला नाही. वाद घातला तो जाताना, पखवाज जोरात होता म्हणून.

पहिला पगार झाला तेव्हा मी बुटांचे आणि तिकिटांचे पैसे घेऊन परळला गेलो. भाऊ म्हणाला, बूट माझे होते, मी कुणाला दिल्याचं आठवत नाही. तो म्हणाला, तिकिटं बाबांच्या पासावरची होती. हे धडधडीत खोटं. रेल्वेचा पास मित्रांना चालत नाही, एवढं मलाही कळत होतं. त्याच्या आईने मला जेवायला वाढलं आणि विषय संपवला.

आता दोघांचेही गुडघे बोलतात, तरी वर्षाकाठी एखादा सोपा किल्ला होतो, रविवार सोडून. चहाचे पैसे अजून मीच देतो. गेल्या पावसाळ्यात माझी नवी कोरी सॅक मागून नेली आहे त्याने. दोनदा आठवण केली. म्हणतो, कुठली सॅक?