देवासची नोकरी

दुसऱ्या वर्षाला आम्हाला ई. एम. फॉर्स्टरची 'अ पॅसेज टू इंडिया' होती. ही कादंबरी अभ्यासाला असली की अर्धा वर्ग मराबारच्या गुहेतच अडकतो, कारण प्रश्न गुहेवरच येतो. तिसऱ्या भागापर्यंत फारसं कुणी पोचत नाही. मी पोचले, आणि थबकले. मऊ नावाच्या संस्थानात कृष्णजन्म चाललाय, प्रोफेसर गोडबोले देवापुढे नाचतायत आणि गाणारे तुकारामाचं नाव घेतायत. मी सरांना विचारलं, "सर, ही कादंबरी तर उत्तरेकडची ना? मग यात तुकाराम कुठून आला?"

"देवासहून," सर म्हणाले, आणि लायब्ररीतून 'द हिल ऑफ देवी' काढायला सांगितलं.

ते पुस्तक म्हणजे एका माणसाच्या परदेशातल्या नोकरीची हकिकत. फॉर्स्टर देवासला पहिल्यांदा गेला तो १९१२च्या नाताळात, पाहुणा म्हणून. दुसऱ्यांदा गेला १९२१मध्ये, थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचा खासगी सचिव म्हणून. तेव्हा तो बेचाळीस वर्षांचा होता, चार कादंबऱ्या छापून झालेल्या होत्या, आणि ही पाचवी अर्धवट लिहून पडली होती. सचिव म्हटल्यावर वाटतं की फायली, खलिते वगैरे. प्रत्यक्षात त्याच्याकडे बागा, मोटारी, अतिथिगृह आणि विजेचं यंत्र आलं. राजवाड्याचं बांधकाम पूर्ण झालेलं नव्हतं आणि संस्थानाकडे पैसा नव्हता. ज्याला आयुष्यात कधी कुणावर साहेबगिरी करायची वेळ आली नव्हती, तो आता माळ्यांचा आणि ड्रायव्हरांचा साहेब झाला.

त्यात देवास म्हणजे मुलखावेगळी जागा. अठराव्या शतकात बाजीराव पेशव्यांबरोबर माळव्यात गेलेल्या तुकोजी आणि जिवाजी पवार या दोन भावांनी ती जहागीर वाटून घेतली, आणि मग थोरली पाती, धाकटी पाती अशी दोन संस्थानं झाली. एकाच गावात दोन राजे आणि दोन दरबार. हे वाचताना मला आमच्या गल्लीतली, एका आंब्यावरून तीस वर्षं न बोलणारी दोन घरं आठवली. फरक इतकाच की त्यांच्याकडे तोफांची सलामी नाही.

फॉर्स्टरला ऑगस्टमध्ये गोकुळाष्टमी बघायला मिळाली. बघायला म्हणजे लांबून खुर्चीत बसून नव्हे. तो अनवाणी, डोक्याला पागोटं बांधून, जुन्या वाड्यात सगळ्यांच्या बरोबर उभा होता. त्याच्या केंब्रिजमध्ये घडलेल्या डोळ्यांना त्यातलं बरंचसं अजिबात आवडलं नाही. गोंगाट, गर्दी, एकाच वेळी वाजणारी अनेक वाद्यं, कशाचा कशाला मेळ नाही. हे त्यानं लपवलं नाही. पण आपले महाराज देवापुढे गाताना, नाचताना कसे दिसत होते, हेही त्यानं तितक्याच खरेपणानं लिहिलं. मला हे आवडलं. "सगळं किती सुंदर" म्हणणारा पाहुणा मला नेहमी जरा खोटा वाटतो.

तुकोजीरावांचा शेवट वाईट झाला. राणीसाहेब कोल्हापूरच्या, शाहू महाराजांची मुलगी. ते लग्न टिकलं नाही. मुलगा घर सोडून गेला (तोच पुढे १९४७मध्ये दत्तक जाऊन कोल्हापूरचा छत्रपती झाला). कर्ज वाढत गेलं, आणि महाराज शेवटी फ्रेंचांच्या पाँडिचेरीत जाऊन राहिले. १९३७मध्ये तिथेच वारले. म्हणजे ज्यानं परक्याला घरात घेतलं, तोच परक्या गावी मेला. फॉर्स्टरनं १९५३मध्ये पुस्तक छापलं ते बरंचसं या मित्रासाठी.

गेल्या वर्षी १५ ऑगस्टला जोडून सुट्टी आली, तेव्हा मी देवासला गेले. माझी हॉस्टेलची मैत्रीण तिथली, आणि तिचं आजोळ धारचं. १५ ऑगस्ट म्हणजे आमचा मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण, आणि त्याच रात्री त्यांच्याकडे कृष्णजन्म. मम्मीनं घरातून निघताना एकच अट घातली होती, मिस्सा चुकवायची नाही. म्हणून रात्रभर गाडीत बसून इंदूरला उतरल्यावर आधी चर्चमध्ये गेले, हिंदीतून मिस्सा ऐकली आणि मग देवासची बस पकडली.

मैत्रिणीची आजी धारहून खास सणासाठी आली होती. बोलायची मराठीच, पण ती मराठी माळव्याच्या पाण्यात भिजलेली. भगरीला ती 'मोरधन' म्हणते. उपासाचं ते 'फरियाली'. साबुदाण्याच्या खिचडीवर शेव आणि जिरावन पाहून मी जरा दचकले, तर म्हणाली, "खा न बेटा, बॉम्बेला असं नाही भेटत." मी विचारलं, "आजी, तुम्ही लोक इकडे कधी आलात?"

"आम्ही कुठे आलो? आम्ही इथलेच."

मग दहा मिनिटांनी, भांडी आवरता आवरता, "पवारांबरोबर आले म्हणतात आमचे. पुण्याकडचे होते."

या दोन वाक्यांनी माझं डोकं जरा उलटंपालटं झालं. दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर धारला गेलो, किल्ला पाहिला. शेवटचा पेशवा, दुसरा बाजीराव, १७७५मध्ये या किल्ल्यात जन्मला. म्हणजे पुण्याच्या गादीवर बसलेला माणूस मूळचा, कागदोपत्री पाहिलं तर, धारचा! फॉर्स्टर परदेशी नोकरीला आला, 'स्थानिक' जीवन शिकला, आणि जे शिकला ते माळव्याचं नव्हतंच धड. गावाबाहेर शेतात लोक माळवी बोलत होते आणि दरबारात मराठी. देवासच्या टेकडीवर, जिच्यावरून त्यानं पुस्तकाला नाव दिलं, तिथेही दोन देवी आहेत. छोटी माता म्हणजे चामुंडा, आणि मोठी माता म्हणजे तुळजाभवानी. तुळजापूर तिथून किती लांब ते नकाशात पाहा. पवारांचे लोकही कधीतरी नोकरीवरच आले होते, आणि येताना असंच बरंच काही बरोबर घेऊन आले. त्यातलाच तुकाराम एका इंग्रजाला भेटला आणि कादंबरीत जाऊन बसला. अर्थात पवार घोड्यावरून, हातात भाले घेऊन आले होते. त्याला नोकरी म्हणणं जरा सोयीचंच.

रात्रीचं सांगायचं राहिलं. पावणेबाराला सगळे देवघरासमोर जमले. एका कोपऱ्यात मातीचं छोटं गोकुळ केलेलं होतं, गाई, झाडं, आरशाची यमुना. आम्ही नाताळला गोठा करतो तो अगदी असाच. आरशाचं तळं आमच्याकडेही असतं, आणि मेंढरांपेक्षा बदकं मोठी असतात. मी दारापाशी उभी होते. चपला काढल्या होत्या, ओढणी डोक्यावर घ्यायची की नाही ते कळत नव्हतं. बारा वाजले, पाळणा सुरू झाला, एकेकजण दोरी ओढू लागला. आजीनं मान वळवली आणि मला म्हणाली, "ये बेटा, तू पण ओढ."

दोन सेकंदांत माणसाच्या डोक्यात किती काय येतं! पहिली आज्ञा आली. धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या सिस्टर आल्या. मम्मी आली. आणि कधी नव्हे तो फॉर्स्टरही आला, पागोटं घालून. त्याला सोपं होतं, त्याचा विश्वास केंब्रिजमध्येच सुटला होता. माझा सुटलेला नाही. मी पुढे गेले आणि दोरी ओढली. प्रार्थना म्हणून नव्हे. एका आजीनं बाळाच्या पाळण्याची दोरी हातात दिली, ती खाली ठेवायची कशी, एवढंच डोक्यात होतं. हे फादरांना सांगावं की नाही ते माझं ठरत नव्हतं. आता ते इथेच वाचतील.

घरी आल्यावर मी हे सगळं पप्पांना सांगितलं. पप्पा २००३ ते २०१४ कतारमध्ये एसी टेक्निशियन होते. आमच्या वसईत हे काही विशेष नाही, दर चार घरांमागे कुणीतरी गल्फला किंवा बोटीवर असतोच. मी फॉर्स्टरची पत्रं वाचत होते तेव्हा मला सारखे पप्पांचे शुक्रवारचे फोन आठवत होते. फॉर्स्टर आईला लांबलचक पत्रं लिहायचा. जेवणात काय होतं, कपडे कसे घातले, हत्तीवर कसा बसलो. पप्पांचा फोन तीन मिनिटांचा असायचा. "इकडे बरंय. गरम आहे. अभ्यास कर." अकरा वर्षांत त्यांनी आम्हाला त्या देशाबद्दल काहीच सांगितलं नाही. लहानपणी मला वाटायचं, त्यांना सांगता येत नाही. फॉर्स्टर वाचताना वाटलं, त्यांना बघायला तरी किती मिळालं असेल? फॉर्स्टर राजाच्या वाड्यात राहिला. पप्पा एका खोलीत आठजणांबरोबर. दोघंही परदेशी नोकरदारच, पण एकाला दार उघडून आत बोलावलं होतं आणि दुसऱ्याला आत जाण्यापूर्वी मोठ्यानं हाक द्यावी लागे, म्हणजे घरातल्या बायका दुसऱ्या खोलीत जातील. पप्पांनी पुष्कळ घरं पाहिली, पण शिडीवरून. छत त्यांना पाठ आहे.

आणि फॉर्स्टर कंटाळल्यावर परत जाऊ शकत होता. गेलाही, सहाएक महिन्यांत. पप्पांचा पासपोर्ट मालकाकडे असायचा. तेव्हा कतारमधून बाहेर पडायला मालकाची परवानगी लागे (बहुतेक कामगारांसाठी हा नियम २०१८मध्ये गेला). २००९च्या सप्टेंबरमध्ये माझी आजी, त्यांची आई, वारली. परवानगी यायला सहा दिवस लागले. मी पाच वर्षांची होते. मला आठवतं ते एवढंच की शवपेटीजवळ काकानं मोबाइल धरला होता, स्पीकरवर, आणि त्यातून काहीच आवाज येत नव्हता.

नोकर आणि साहेब या गोष्टीची दुसरी बाजूही फॉर्स्टरच्या देवासमध्ये आहे, आणि ती सोडून लिहिणं मला बरोबर वाटत नाही. १९५३च्या पुस्तकात नसलेला एक मजकूर त्याच्या मृत्यूनंतर, १९८३मध्ये छापला गेला. तिथल्या एका न्हाव्याशी त्याचे संबंध होते. पुरुषावर प्रेम करणं हे त्याला जन्मभर लपवावं लागलं, त्याचं वाईट वाटतं. पण त्या मजकुरात तो आणखी एक गोष्ट कबूल करतो. समोरचा माणूस आपल्या हाताखालचा आहे, त्याला नाही म्हणता येत नाही, हे कळल्यावर आपल्यात क्रूरपणा आला. स्थानिक लोकांवर इतका जीव असलेला माणूस हे लिहितो. न्हाव्याला काय वाटलं ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. मला त्या पानापाशी पप्पांच्या मालकाची आठवण झाली, ज्याला मी कधी पाहिलंही नाही.

हे सगळं मी पप्पांना असं सांगितलं नाही. मी सांगितलं, एक इंग्रज होता, देवासच्या राजाकडे नोकरीला, त्यानं पुस्तक लिहिलं. पप्पा पंख्याचं रेग्युलेटर उघडून बसले होते. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "त्याला जेवायला कुठे बसवायचे?"

मी म्हटलं, पहिल्या भेटीत तरी त्यांच्यासारखे कपडे घालून त्यांच्यातच जेवला. ताटात काय काय होतं त्याची यादीच आहे पत्रात.

"मग बरंय."

स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवून ते म्हणाले, "मला पण एकदा बसवलेलं. रमजान होता. एका म्हाताऱ्याच्या घरी मशीन बंद पडलेलं, ते करता करता संध्याकाळ झाली. मी शिडी उचलली, तर त्यानं हाताला धरून खाली बसवलं. त्याच्या शेजारी. मुलं वगैरे होती सगळी."

"काय होतं जेवायला?"

"हरीस. गहू नि मटण, एकदम घोटून घोटून केलेलं. पेजेसारखं. मीठ कमी होतं." मग म्हणाले, "त्यानं विचारलं, घरी कोण कोण. मी बोटांवर मोजून दाखवलं. आईचं पण बोट धरलं मी."

"कधीची गोष्ट?"

"त्याच आठवड्यातली. परमिट आलं नव्हतं अजून."

सोळा वर्षांत हे त्यांनी मम्मीलाही सांगितलेलं नव्हतं. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. पप्पांनी रेग्युलेटर परत बसवला, बटण दाबलं, पंखा फिरला. मग मला विचारलं, देवासला पोहे मिळतात का चांगले, त्यावर पण शेव घालतात का.