आपल्या शिवारातला रोही

टीव्हीवर आफ्रिकेचं जंगल दाखवतात तेव्हा एक दृश्य हमखास असतं. हजारो काळपट जनावरं धुरळा उडवत नदीकाठी येऊन थबकतात. पाण्यात मगरी टपलेल्या असतात. मग एक जण उडी घेतो आणि त्याच्यामागे सगळा कळप! या जनावराचं नाव विल्डबीस्ट. त्याला पाहायचं तर केनिया किंवा टांझानिया गाठायला हवं. पण त्याच्याच कुळातला एक भाऊबंद आपल्या खानदेशात राहतो. त्याच्यासाठी विमान नको, एस.टी. पुरते. चला तर माझ्याबरोबर!

जळगावहून निघालात तर मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत बसा. पाचोरा मागे टाकून ती चाळीसगावला येते. धुळ्याची मंडळीही रेल्वेने थेट चाळीसगावला येऊ शकतात. तिथून दक्षिणेला सुमारे १८ किलोमीटरवर आहे पाटणादेवी. समोर सातमाळ्याचे डोंगर उभे. हे झालं गौताळा-औट्रमघाट अभयारण्य. जळगाव आणि छत्रपती संभाजीनगर या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे २६० चौरस किलोमीटर पसरलेल्या या जंगलाला १९८६ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. थोर गणिती भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव याचा शिलालेख पाटण्याचाच. पण ती गोष्ट पुन्हा कधी तरी. आज आपल्याला भेटायचंय रोह्याला.

रोही म्हणजेच नीलगाय. पहाटे लवकर उठा आणि जंगलाच्या कडेने, शेताच्या बांधांवर नजर ठेवा. बोलायचं नाही हं! नशीब असेल तर घोड्याएवढं एक जनावर मान उंच करून तुमच्याकडे टक लावून पाहताना दिसेल. खांदे उंच, पाठ मागे उतरती. नर निळसर राखाडी, गळ्याखाली केसांचा झुपका आणि डोक्यावर वीतभर लांबीची दोन सरळ शिंगं. एवढ्या मोठ्या देहाला एवढीशी शिंगं! मादी तांबूस असते आणि तिला शिंगं नसतात. नर खांद्यापाशी चार-पाच फूट उंच भरतो आणि वजन दोनशे किलोच्याही वर जातं. आशियातल्या कुरंगांमध्ये याच्याएवढा मोठा दुसरा कोणी नाही.

कुरंग म्हणजे काय? चितळ, सांबर यांची शिंगं फांद्यांसारखी असतात. ती दरवर्षी गळतात आणि नवी येतात. हे झाले सारंग. काळवीट, चिंकारा, रोही आणि विल्डबीस्ट यांची शिंगं एकदा आली की जन्मभर राहतात. हे कुरंग. गाय, म्हैस, शेळी ही सगळी यांचीच नातेवाईक मंडळी. गंमत म्हणजे रोह्याचं शास्त्रीय नाव ग्रीक आणि लॅटिन शब्दांचं आहे. त्यात बैल, हरिण, बोकड आणि उंट असे चार प्राणी एकत्र बसले आहेत! विल्डबीस्टही तसाच जोडून केल्यासारखा दिसतो. शिंगं बैलाची, दाढी बोकडाची, शेपूट घोड्याची.

दोघांच्या सवयी मात्र वेगळ्या. विल्डबीस्ट राहतात मोठमोठ्या कळपांनी. सेरेंगेटीच्या माळावर त्यांची संख्या तेरा लाखांच्या आसपास आहे. पाऊस जिकडे, गवत तिकडे आणि गवताच्या मागे हे सगळे! त्यांचं पिल्लू जन्मल्यावर पाच-दहा मिनिटांत उभं राहतं आणि लगेच आईबरोबर पळू लागतं. पळालं नाही तर तरस आणि सिंह आहेतच. रोह्यांचे कळप लहान असतात. मादी पिल्लांना सुरुवातीचे दिवस गवताझुडपांत लपवून ठेवते. बऱ्याचदा तिला जुळं होतं. नर भांडताना चक्क गुडघे टेकून बसतात आणि मानेने रेटारेटी करतात. रोही पुन्हा पुन्हा एकाच जागी लेंड्या टाकतात. असा ढीग दिसला की समजा, स्वारी इथेच कुठे तरी आहे.

आता दुसरी बाजूही ऐका. गेल्या हिवाळ्यात बांधावर मला एक आबा भेटले. हरभऱ्याच्या शेताभोवती जुन्या साड्या बांधत होते. मी रोह्यांबद्दल विचारलं, तर म्हणाले, “रातले येतस आन् समदं खाई जातस!” रात्री येतात आणि सगळं खाऊन जातात. आबा रोज रात्री जागलीला जायचे. कडाक्याच्या थंडीत डबा वाजवत बसायचं. डोळा लागला की पीक गेलं! त्यांच्या नातवाची शाळेची फी त्याच हरभऱ्यातून भरायची होती. सांगा बरं, आबांचा राग चुकीचा कसा म्हणायचा?

पण रोही तरी शेतात का येतो? याचं उत्तर पाटण्याच्या मातीत आहे. १९७२-७३ मध्ये पुरातत्त्वज्ञ साळी यांनी इथे उत्खनन केलं. त्यात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे मिळाले. एका तुकड्यावर तर माणसाने आडव्यातिडव्या रेघा कोरल्या होत्या. ते सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचं काम! शहामृग म्हणजे मोकळ्या माळाचा पक्षी. म्हणजे एके काळी खानदेशातही आफ्रिकेसारखी गवताळ कुरणं होती. ती कुरणं आज नांगराखाली गेली. गवत गेलं, पण गवत खाणारा मागे राहिला. त्याला जिथे हिरवं दिसतं तिथे तो जातो. हे शेत आबांचं आहे, हे त्याला कोण सांगणार?

विल्डबीस्टच्या दोन जाती आहेत, निळा आणि काळा. काळा दक्षिण आफ्रिकेतला. त्याची शेपटी पांढरी, शिंगं पुढे वळलेली. गोऱ्या वसाहतवाल्यांनी कातड्यासाठी आणि कुरणं मोकळी करण्यासाठी त्याची एवढी शिकार केली, की एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जेमतेम काही शे उरले. त्यांना वाचवलं कोणी? तिथल्याच काही शेतकऱ्यांनी! त्यांनी आपल्या जमिनीवर त्यांना राहू दिलं. आज त्यांची संख्या पुन्हा हजारांत आहे.

आपल्याकडे नावात ‘गाय’ असल्यामुळे रोह्यावर बंदूक कमी उगारली गेली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचंही त्याला कवच आहे. पिकाचं नुकसान झालं, तर वनखात्याकडे अर्ज करून शेतकऱ्याला भरपाई मागता येते. पण पंचनामा, कागदपत्रं यांत दिवस जातात. तुमच्या घरी शेती असेल तर आजोबांना तो अर्ज भरायला मदत करा. शिकलेली नातवंडं आणखी कशाला असतात? आणि एक काम करा. शेतातल्या विहिरीला कठडा आहे का ते बघा. रात्री पळताना रोही अशा उघड्या विहिरींत पडतात. कधी माणसंही पडतात. विहिरीत जनावर दिसलं तर स्वतः उतरू नका, मोठ्यांना सांगून वनखात्याला कळवा.

परतताना आबा पुन्हा दिसले. मी विचारलं, “एखादं पिल्लू शेतात लपलेलं सापडलं तर?” ते थोडं हसले. म्हणाले, “माय येते त्याची. आपण तिकडे जायचं नाही.”

या सुट्टीत पाटण्याला जाऊन या. रोही दिसला तर कुठे, किती वाजता, नर की मादी हे वहीत लिहून ठेवा. आणि आबांसारखे कुणी भेटले, तर त्यांचंही म्हणणं लिहायला विसरू नका.