गाडी पकडत नाही

पप्पांची मारुती ८०० चौदा महिने जागची हललेली नव्हती. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांना झटका आला, ॲम्ब्युलन्सनं नेलं, आणि गाडी कोल्हापुरातल्या आमच्या बोळात, पत्र्याच्या शेडखाली, होती तिथंच राहिली. पप्पा तीन आठवड्यांनी घरी आले. गाडीकडे बघायला कुणाला वेळ नव्हता. तिच्या टपावर आधी धूळ साठली, मग शेजारच्या मांजरीनं तिथं बाळंतपण उरकलं.

मेंदूच्या डाव्या बाजूची एक रक्तवाहिनी तुंबली होती. पप्पांचा उजवा हात आणि बोलणं, दोन्ही एकाच सकाळी गेलं. हात एका डॉक्टरांना दाखवायचा आणि जीभ दुसऱ्यांना, असं आईला वाटत होतं. पण जिभेला काहीच झालेलं नव्हतं. शब्द जिथं तयार होतात ती जागा आणि उजवा हात हलवणारी जागा मेंदूत शेजारी-शेजारी असतात, एवढाच त्याचा अर्थ. याला वाचाघात म्हणतात. पॅरिसमधल्या पॉल ब्रोका या सर्जननं १८६१ साली अशा एका रुग्णाबद्दल लिहून ठेवलंय. त्या माणसाकडे एकच शब्द उरला होता, ‘टॅन’. सगळ्याला टॅन. पप्पांकडे ‘ते’ उरलं. पाणी हवं असलं की ते, टीव्ही बंद करायचा की ते, मी पुण्याहून आले की दारात बघून ते. समजत सगळं होतं. एक ते दहा आकडे ओळीनं म्हणता यायचे, आणि एक शिवी अगदी स्वच्छ यायची. ती आल्यावर आई देवघराकडे बघायची.

जानेवारी २०२४ मध्ये गाडीच्या नोंदणीची मुदत संपत होती. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. आमची गाडी १९९४ ची, म्हणजे २००९, २०१४, २०१९ आणि आता हे. पूर्वी याची फी ६०० रुपये होती, एप्रिल २०२२ मध्ये ती ५००० झाली होती. शिवाय हरित कर वेगळा. आणि गाडी तपासणीला आरटीओत न्यावी लागत होती, फोटो दाखवून भागत नव्हतं. भावाचं बंगळुरूहून स्पष्ट मत होतं की भंगारवाला वीस हजार देतोय, देऊन टाका. पप्पा आता ती कधीच चालवणार नाहीत हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मी बुधवारची वेळ घेतली, शुक्रवारी रात्री बसनं आले आणि शनिवारी सकाळी बाही वर करून बॉनेट उघडलं. गाडी बुधवारपर्यंत चालू झाली नाही तर मी हट्ट सोडायचा असं फोनवर ठरलं होतं.

गाड्यांबद्दल मला अगदीच काही येत नाही असं नाही. उद्यमनगरात पप्पांचं छोटं वर्कशॉप होतं, दोन लेथ आणि एक ड्रिलिंग मशीन. शाळा सुटल्यावर मी तिथं गृहपाठ करायची. लेथवर जॉब फिरत असताना पप्पा दुसऱ्याशी बोलत असायचे आणि मध्येच न बघता म्हणायचे, ‘टूल बसलं, काढ.’ कानावर चालायचं त्यांचं काम. मी मात्र सगळं मोबाइलवरून शिकलेली.

शेजारच्यांची गाडी जवळ लावून जम्पर केबल जोडल्या. चावी फिरवली. सेल्फ जड-जड ओढत होता, घर्र... घर्र..., मग आत कुठंतरी ‘फट्’ असं वाजलं आणि इंजिन एकदम हलकं फिरायला लागलं. मला बरं वाटलं. वर्षभर जाम झालेलं काहीतरी मोकळं झालं असणार. पण गाडी पकडेना. सेल्फ घेतेय, सरसर फिरतेय, पकडत नाही.

वर गॅलरीत पप्पा खुर्चीत बसले होते. ते डावा हात हवेत फिरवायला लागले. मी समजले, ‘अजून मार’ म्हणतायत. आणखी मारला. ते जोरात फिरवायला लागले. आई म्हणाली, ‘अगं, त्यांना फॅन पायजे.’ जानेवारीत. तिनं आत नेऊन फॅन लावला, तेव्हा ती शिवी ऐकू आली.

आता थोडं तांत्रिक. पेट्रोल इंजिनला चालायला चार गोष्टी लागतात. हवेत मिसळलेलं पेट्रोल, ते दाबणारा पिस्टन, ठिणगी, आणि हे सगळं ज्याच्या-त्याच्या वेळेला. सेल्फ फिरतोय म्हणजे बॅटरी आणि स्टार्टर ठीक, त्यांच्यामागं लागू नका. आणि दहा सेकंदांपेक्षा जास्त सलग सेल्फ मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर स्टार्टर तापून तोही जातो आणि मग एकाचे दोन आजार होतात. तुमची गाडी इंजेक्शनवाली असेल तर चावी नुसती ‘ऑन’ करून कान द्या. मागच्या सीटखालून दोनेक सेकंद गुणगुण येते, तो टाकीतला पंप. आवाज नसेल तर आधी त्याचा फ्यूज बघायचा. आमची कार्बोरेटरवाली. तिच्यात गुणगुणणारं काही नाही. जे आहे ते इंजिनच्याच जोरावर चालतं. हे वाक्य मी त्या दिवशी यूट्यूबवर ऐकलं होतं, पण त्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरायला सोमवार उजाडला.

जुनं पेट्रोल आधी काढलं. चौदा महिन्यांत त्याला रंगाच्या डब्यासारखा वास आला होता. नवं भरलं. चोक ओढून सेल्फ मारला, काही नाही. मग प्लग काढला, वायरला जोडला, त्याची धातूची बाजू इंजिनला टेकवून रबरी मुठीच्या पकडीनं धरला (हातानं धरू नका, कॉइल हजारो व्होल्ट देते, आणि पेट्रोल सांडलेलं असेल तर हा प्रयोग करूच नका) आणि आईला चावी फिरवायला सांगितली. निळी ठिणगी दिसायला हवी. दिसली नाही. तिन्ही प्लगची हीच गत. प्लग पॉलिश पेपरनं घासले, वायरींची जागा बदलून पाहिली, फ्यूज बघितले. अंधार.

म्हणजे कॉइल गेली, मी ठरवलं. पण खात्री म्हणून कार्बोरेटरला येणारा पेट्रोलचा पाइप काढून बाटलीत सोडला आणि पुन्हा सेल्फ मारला. इंजिनवरचा पंप फिरत्या इंजिनबरोबर पिचकारीसारखं पेट्रोल फेकायला हवा. एक थेंब नाही. म्हणजे पंपही गेला. चौदा महिने उभी होती, दोन गोष्टी गेल्या, यात नवल काय? रविवारी दुकानं बंद. सोमवारी सकाळी मी कॉइल आणि पंप दोन्ही घेऊन आले.

या दोन दिवसांत पप्पा गॅलरीतून हलले नाहीत. मी सेल्फ मारला की त्यांचा हात सुरू व्हायचा. एका ठिकाणी गोल, मग वरती दुसऱ्या ठिकाणी गोल, मग दोन्हीभोवती मोठा फेरा. ‘ते. ते. ते!’ मी खालून ओरडायची, ‘हो पप्पा, मारतेय!’ रविवारी संध्याकाळी मी वैतागून ‘जरा थांबा ना’ म्हणाले. म्हणजे ओरडलेच. त्यांनी हात मांडीवर ठेवला आणि रस्त्याकडे बघत बसले. जेवताना मी माफी मागितली. ‘ते,’ ते म्हणाले. कोणत्या अर्थाचं, कळलं नाही.

सोमवारी पंपाचा दुसरा बोल्ट निघेना म्हणून शेवटी मेस्त्रींना फोन केला. पप्पांच्या वर्कशॉपमधून पंचवीस वर्षं काम करून नेलेले. स्कूटरवरून आले, पिशवी उघडलीच नाही. म्हणाले, ‘सेल्फ मारा ताई.’ मी मारला. त्यांनी मान तिरकी केली.

‘पयल्यांदा मारलासा तवा असाच आवाज हुता?’

‘नाही, जड होता. मग मोकळा झाला.’

‘मोकळा,’ ते म्हणाले.

मी घाईघाईनं अहवाल दिला. ठिणगी नाही, पेट्रोल नाही, कॉइल आणलीय, पंप आणलाय. त्यांनी दोन्ही खोके उलटेसुलटे करून बघितले आणि परत माझ्या हातात दिले. ‘दोन्ही एकदम मेली म्हंजे दोघांचा मालक बघायचा की ओ. एकेकाची नाडी काय धरतायसा?’

मग त्यांनी वर बघितलं, नमस्कार केला. ‘काय मालक, काय म्हन्तीया गाडी?’

पप्पांनी मांडीवरचा हात उचलला. खाली छोटा गोल. वर मोठा गोल. दोन्हीभोवती फेरा. मग दोन बोटांनी कात्रीसारखं केलं.

‘पट्टा,’ मेस्त्री म्हणाले. माझ्याकडे वळून, ‘मालक सांगायलेत की. टायमिंगचा पट्टा. इचारलं न्हाईसा व्हय?’

खात्रीसाठी त्यांनी डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं आणि मला सेल्फ मारायला लावला. आतला रोटर फिरायला हवा. मी खिडकीतून मान काढून बघत होते. सेल्फ सरसर फिरतोय, आणि रोटर देवळातल्या कासवासारखा जागच्या जागी. खालची शाफ्ट फिरते, तिच्यावरून दात्यांचा रबरी पट्टा वरच्या कॅमशाफ्टला फिरवतो. ती झडपा उघडते, तीच पेट्रोलचा पंप हलवते आणि तीच डिस्ट्रिब्युटर फिरवते. पट्टा गेला की ठिणगी, पेट्रोल आणि दाब एका क्षणी जातात. झडपा बंदच होत नाहीत, पिस्टनला दाबायला काही उरत नाही, म्हणून सेल्फ हलका पडतो. मला जे ‘मोकळं झालं’ वाटलं, ते हे.

पुढचं चाक, खालची पुली, प्लास्टिकचं कव्हर काढून पट्टा बाहेर आला. तुटलेला नव्हता. वरून अगदी शहाणा दिसत होता, फक्त छोट्या पुलीवर बसणारे सात-आठ दात सोलून निघालेले. रबर वाळून कडक झालेलं. कधी बदललाय हे फक्त पप्पांना माहीत असणार. मेस्त्रींनी तो वर नेऊन त्यांच्या हातात दिला. त्यांनी अंगठा दात्यांवरून फिरवत नेला, जिथं दात संपतात तिथं थांबवला, आणि मेस्त्रींकडे बघून हसले. अर्धाच चेहरा हसतो आता. नंतर पट्टा त्यांनी मला सोडून सगळ्यांना दाखवला.

मंगळवारी नवा पट्टा आणि टेन्शनर आला. वरच्या पुलीची खूण, खालच्या पुलीची खूण जुळवून बसवला. चावीला हात लावू न देता मेस्त्रींनी पान्यानं इंजिन हातानं दोन पूर्ण फेरे फिरवलं, कुठं अडत नाही ना बघायला. मग दाब मोजला. तिन्ही सिलिंडर ठीक, झडपा वाकल्या नव्हत्या. कॉइल आणि पंप दुकानदारानं परत घेतले, तोंड वाकडं करून.

पप्पांना खाली आणायला मी आणि मेस्त्री दोघं लागलो. जिन्याला वीस मिनिटं गेली. ड्रायव्हरच्या शेजारी बसवलं, निकामी उजवा हात मांडीवर नीट ठेवला, पट्टा लावला. आई बोळाच्या तोंडाशी उभी राहिली, जणू विमान उतरणार आहे.

पहिल्या दोन वेळा नुसतं घर्र. आवाज पुन्हा जड झाला होता, प्रत्येक फेऱ्याला अडखळणारा. तिसऱ्यांदा एक सिलिंडर खोकला. चौथ्यांदा गाडीनं पकडलं. मागून निळसर धूर निघाला, सगळी गाडी थरथरली, शेडच्या पत्र्यावरून मांजर उडी मारून पळालं. मेस्त्री बॉनेटवर हात टेकून उभे. मी रेस देत राहिले. आवाज फुगत चालला, धूर काळा व्हायला लागला, आणि मला वाटलं, परत काहीतरी बिघडलं.

पप्पांनी माझ्या दंडाला बोट लावलं आणि डॅशबोर्डकडे दाखवलं.

‘ते,’ ते म्हणाले.

मी चोक आत ढकलला.