दिवसा राम, रात्री कृष्ण

तोंडवलीला जायचे म्हणजे मालवणात उतरून आचऱ्याच्या वाटेला लागायचे आणि रस्ता अरुंद होत होत माडांत शिरला, की "अजून किती लांब?" हे विचारणे सोडून द्यायचे. गावाची ठेवणच मजेची आहे. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला गड नदीची खाडी आणि मधोमध माड, सुरू नि पुळण यांची चिंचोळी पट्टी. ती दक्षिणेकडे निमुळती होत तळाशीलला संपते. रात्री अंथरुणावर पडले, की एका कानाने लाटा ऐकाव्या आणि दुसऱ्याने खाडीची शांतता.

मी तिथे गेलो होतो तो काहीही न करण्यासाठी. पहिल्या दिवशी ते उत्तम जमले. दुसऱ्या दिवशी दुपारी घरधनी पडवीत आले. सगळे गाव त्यांना आबा म्हणते, म्हणून मीही म्हणू लागलो होतो. त्यांच्या हातात रंगीत लाकडी पेटी होती.

"तुमका पत्ते खेळूक येतत?"

मी रमी, झब्बू, बदाम सात, मेंढीकोट अशी माझी सारी विद्या सांगितली. पट्टीच्या गवयाने सिनेमाची गाणी म्हणणाऱ्याकडे पाहावे, तसे आबांनी माझ्याकडे पाहिले आणि पेटीचे झाकण सरकवले. आत गोल पत्ते होते. चहाच्या बशीहून लहान, लाखेने चकाकणारे. गंजिफा!

मी जरा ओशाळलो. कारण असल्या पत्त्यांतले दहा राजे मी सावंतवाडीहून आणून, काचेच्या चौकटीत बसवून मुंबईच्या भिंतीवर टांगले आहेत. येणारे-जाणारे वाहवा करतात. पण त्यांनी खेळायचेही असते, हे माझ्या ध्यानीमनी नव्हते.

हा खेळ आपल्याकडे आला तो इराणातून. बाबराने 1527 साली सिंधमधल्या एका मित्राला गंजिफा धाडल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगलांचा खेळ आठ रंगांचा, 96 पत्त्यांचा. आपल्या चिताऱ्यांनी त्यातले गुलाम नि तलवारी काढून तिथे विष्णूचे दहा अवतार बसवले. मत्स्य, कूर्म, वराह, नृसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध, कल्की. प्रत्येकाचा एक राजा, एक प्रधान आणि एक ते दहा आकड्यांची फौज. म्हणजे बारा दाही 120 पत्ते. पुढे छापील बावन्न पत्ते स्वस्त झाले आणि सावंतवाडीच्या चिताऱ्यांचा धंदा बसला. 1970 नंतर शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागीर बसवून ही कला पुन्हा उभी केली. म्हणून पत्ते वाचले. खेळणारे मात्र राजवाड्यात तयार करता येत नाहीत.

"तीन माणसां व्हयी," आबा म्हणाले. "मी आसंय, ही आसा. आमचो तिसरो गडी दोन वर्सां झाली, गेलो."

तिसरा गडी म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. तेव्हापासून पेटी बंद. गावातली पोरे मुंबईला, आणि जे मागे राहिले त्यांना बावन्न पत्तेच बरे वाटतात. मी मुकाट्याने सतरंजीवर बसलो.

प्रत्येकाला चाळीस पत्ते आले. चाळीस गोल पत्ते हातात धरणे हीच एक कसरत. माझे तीनदा सांडले नि काकींनी तीनदा सौजन्याने मान फिरवली. नियम ऐकून डोके गरगरले. पाच अवतारांत दश्शी मोठी नि एक्का सर्वांत लहान. उरलेल्या पाचांत नेमके उलटे. हुकूम नाहीच. कोण पडले, कोण उरले, हे सगळे ध्यानात ठेवायचे. मी भलताच पत्ता टाकला आणि कासवाच्या राजाने माझा नरसिंहाचा प्रधान फरफटत नेला! पुराणात हे कुठेच सापडायचे नाही. पण ज्या मुलखात थंडीतल्या जत्रांना दशावतारी नाटके रात्रभर रंगतात, तिथे देवांची असली गंमत कोणाला खटकत नाही.

एक पत्ता मात्र वेगळा होता. कासवाची सत्ती कधीतरी पावसात हरवली, तेव्हा त्या भावानेच लग्नाच्या आमंत्रणपत्रिकेचा गोल कापून नवी केली होती. शाईने काढलेली सात कासवे बरीचशी बटाट्यांसारखी दिसत. पाठीमागे अजून "आपले नम्र" एवढी अक्षरे. त्यामुळे ती कोणाच्या हातात आहे, हे साऱ्यांना आधीच कळे.

"नातू म्हणता नवो सट हाडतंय," आबा म्हणाले. "मी म्हटलंय, नको."

मी का ते विचारले नाही.

शेवटच्या डावाला मोठा पेच पडला. ज्याच्या हातात रामाचा राजा त्याने दिवसा डाव सुरू करायचा. रात्री तो मान कृष्णाच्या राजाचा. पत्ते वाटून झाले तेव्हा समोर समुद्रावर सूर्य टेकला होता.

"राम माझ्याकडे," आबा म्हणाले.

"आता कसलो राम? सूर्य बुडलो. कृष्ण माझ्याकडे आसा," काकी म्हणाल्या.

"खंय बुडलो? अर्दो वर आसा, बघ गे!"

"अर्दो बुडलो म्हंजे बुडलोच!"

दोघेही पत्ते घेऊन अंगणात गेली. मागोमाग मी. पन्नास वर्षांचा संसार केलेली ती दोन माणसे सूर्याकडे बोटे दाखवून भांडत होती आणि सूर्य आपल्या गतीने खाली चालला होता. एकाएकी आबा थांबले. "असो वाद झालो, की आमचो भाव म्हणा, तुमी भांडा, तवसर मी तुमचे पत्ते बघतंय."

दोघेही माझ्याकडे वळली. मी खरोखरच पाहत होतो! काकी इतक्या हसल्या, की कृष्णाचा राजा वाळूत पडला. तोवर सूर्य बुडाला आणि वाद मिटला. तो डाव मी जिंकलो.

निघताना आबांनी पेटी कडीपाटाला न ठेवता पडवीतल्या कोनाड्यात, हाताशी ठेवली. "परत येवा," एवढेच म्हणाले.

मुंबईला येऊन मी सावंतवाडीहून पुरा जोड मागवला. शेजारच्या दोघांना नियम शिकवले. अजून ते दश्शी-एक्क्याचा घोळ करतात. रविवारी संध्याकाळी आम्ही बसतो. अडचण एकच. आमच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची गच्ची दिसते, सूर्य दिसत नाही. वाद झाला, की मी तोंडवलीला फोन लावतो.

"आबा, बुडाला काय?"

"आजून नाय," पलीकडून आबा सांगतात. मागून काकींचा आवाज येतो, "बुडलो म्हणान सांगा!"