हे पोवळे नव्हे

संस्कृतात ‘प्रवाल’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत : एक कोवळा अंकुर आणि दुसरा पोवळे. ‘विद्रुम’ या पर्यायातही झाड दडलेले आहेच. पोवळे ही समुद्रात वाढणारी वनस्पती होय, ही समजूत केवळ आपल्याकडेच होती असे नाही. अठराव्या शतकात पेसोनेल नावाच्या एका फ्रेंच वैद्याने, ज्यास लोक पोवळ्याची फुले म्हणतात ते वस्तुतः सूक्ष्म प्राणी आहेत असे प्रतिपादन केले, तेव्हा पॅरिसच्या पंडितांस ते पटले नाही. पुढे त्याचेच म्हणणे खरे ठरले. तीस वर्षे मी वर्गात हा शब्द शिकवला. परंतु त्याच्या अर्थावर आमच्याच घरातील एका मुलाचा चरितार्थ अडून राहील, ही कल्पना मला कोठून असणार?

माझा पुतण्या धाकट्या बंधूंच्या पश्चात आमच्या एकत्र कुटुंबातच वाढला. पदवी पदरी पडल्यावर नोकरीसाठी दोन वर्षे खेटे घालून झाले, आणि मग पुण्याकडील एका कारागिराजवळ राहून तो खडे घासण्याची व त्यांस झिलई देण्याची विद्या शिकून आला. घरात कुरकुर झालीच. “दगड घासायला का याला एवढा शिकवला?” असे वडीलधारी मंडळी म्हणू लागली. ज्या हातांना काम आहे त्या हातांची लाज धरू नये, असे माझे मत असल्यामुळे मी त्याची बाजू घेतली. आरंभी तो आपल्या भागातील गारा आणि अकीक घाशी. पुढे त्याच्या मनाने प्रवाळाचा जीवाश्म घेतला. त्याचा कच्चा माल आणण्यासाठी माझ्या भावजयीने आपल्या पोस्टातील बचतीतून अठरा हजार रुपये काढून दिले आणि मला म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही बरोबर जा. पैसा बुडाला तर पुन्हा उभा राहायचा नाही.”

हा जीवाश्म म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. उथळ, उबदार व नितळ समुद्रात प्रवाळांच्या वसाहती चुन्याची घरे बांधीत वाढतात. कालांतराने त्या गाळाखाली दबतात. जमिनीतून झिरपणाऱ्या पाण्यात विरघळलेली सिलिका त्या चुन्याची जागा कणाकणाने घेते आणि मूळच्या घरांचा आकार मात्र जसाच्या तसा राहतो. म्हणजे घर प्रवाळाचे, पण भिंती गारेच्या. आडवा छेद घेतला की दगडात शेकडो लहान फुले दिसतात. इंडोनेशियातील जावा व सुमात्रा या बेटांतून असा माल येतो. अमेरिकेतील फ्लोरिडा संस्थानाने तर 1979 साली त्यास आपला राज्यपाषाण ठरवले. आपल्या देशातही कच्छच्या खडकांत जुरासिक काळचे प्रवाळ आहेत व त्यांचे शास्त्रीय वर्णन ग्रेगरी यांनी 1900 साली प्रसिद्ध केले.

धाराशिव जिल्ह्यात मात्र तो सापडावयाचा नाही. तुळजापूरच्या यात्रेत एका फिरत्या विक्रेत्याने, “हा माल बालाघाटाच्या डोंगरातला,” असे छातीठोकपणे सांगितले, तेव्हा पुतण्याने मुकाट्याने दगड खाली ठेवला. आपल्या पायाखालचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर पसरलेल्या लाव्हारसाचा आहे. त्याच्या पोकळ्यांत अकीक बनला, गारा बनल्या. पण जेथे समुद्रच नव्हता तेथे प्रवाळ कोठून येणार? कच्चा दगड घेणाराने पहिला प्रश्न विचारावा तो हाच : बाबा रे, तू कोठचा?

समुद्र दूर असला तरी समुद्राच्या वस्तूंचे आपल्या मुलखाला वावडे कधीच नव्हते. तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यातील कवड्या काही तेरणेच्या पात्रात सापडत नाहीत. आपले तेर म्हणजेच प्राचीन तगर, हे फ्लीट यांनी 1901 साली दाखवून दिले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात, तगरचे कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जाई असे सांगितले आहे, आणि त्याच बंदरात पश्चिमेकडून उतरणाऱ्या मालाच्या यादीत पोवळ्याचे नाव आहे. तेरच्या लामतुरे संग्रहालयात मांडलेले जुने मणी पाहताना मनात येते की, दगड पारखून घेण्याचा व्यवहार या मातीला दोन हजार वर्षांचा परिचित आहे.

असो. मुंबईमार्गे आम्ही जयपुरास गेलो. रंगीत खड्यांचा एवढा मोठा बाजार देशात दुसरा नाही. व्यापाऱ्याने आमच्यापुढे पाण्याने भरलेली परात ठेवली आणि तीत दगड सोडले. ओला दगड नेहमीच देखणा दिसतो. कोरड्या तोंडावर न दिसणारी फुले पाण्यात उमलून येतात. परंतु पाणी व तेल जसे रंग उजळतात तशी बारीक चीरही झाकतात. म्हणून पुतण्याने प्रत्येक दगड पुसून, वाळवून, उन्हात फिरवून पाहिला. मग चाकूचे टोक ओढले. पोलादाने ओरखडा उठला तर दगड अजून चुन्याचाच आहे, न उठला तर गारेचा. कोपऱ्याची चिमूटभर भुकटी काढून तीवर लिंबू पिळले. चुना असला की फेस येतो. वजन हाताने जोखून येथे काही कळत नाही, कारण चुन्याचा दगड आणि गार यांचे वजन जवळजवळ सारखेच भरते. शेवटी त्याने, ज्यांच्या एका अंगाला काप घेऊन ‘खिडकी’ उघडलेली होती असेच दगड बाजूला काढले. चाळीस किलोंच्या ढिगातून बारा किलो पसंत पडले. व्यापारी हसून मला म्हणाला, “मास्तरजी, लडका तो परीक्षा ले रहा है.” मी म्हटले, “हमने जिंदगीभर यही किया है.”

घरी आल्यावर कापण्याची पाळी. फुलांच्या देठाला आडवा छेद गेला तर फुले येतात, उभा गेला तर नुसत्या रेघा. त्यामुळे एकेका दगडाकडे तो तास तास पाहत बसे. बारा किलोंपैकी निम्म्याहून अधिक माल चिरा, पोकळ्या आणि करवतीची धूळ यांत गेला. ही धूळ वाया जाते एवढेच नव्हे, ती जीवघेणी आहे. खंबायतच्या अकीक-कारागिरांत सिलिकोसिस नावाचा फुप्फुसांचा रोग किती पसरलेला आहे, हे अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक स्वास्थ्य संस्थेच्या पाहण्यांतून पुढे आलेले आहे. या रोगाने झालेली हानी भरून येत नाही. म्हणून पाण्याच्या धारेखालीच कापावयाचे, नाकातोंडाला योग्य मुखपट्टी बांधावयाची आणि मुलांनी त्या खोलीत पाऊल टाकावयाचे नाही, असा नियम मी घालून दिला. कच्चा माल घेताना दगडाच्या किमतीत या बंदोबस्ताचा खर्च आधी धरावा, असे माझे प्रत्येक घरास सांगणे आहे.

खरी कसोटी यापुढे आली. तयार खड्यांत काही तांबूस निघाले. ते पाहून एका दुकानदाराने मोठी मागणी नोंदवली. अट एकच : पाकिटावर ‘पोवळे’ असे छापावे. मंगळासाठी जे पोवळे अंगठीत घालतात ते निराळ्या जातीच्या प्रवाळाचे, समुद्रातून काढलेले आणि मूळ चुन्याचेच असते. आमचा दगड प्रवाळाचाच, पण गार झालेला. भावजय म्हणाल्या, “भाऊजी, शब्द तर एकच ना? तुम्हीच म्हणता, प्रवाल म्हणजे पोवळे.” कोशात पाहिले तर त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पुतण्या मात्र म्हणाला, “आई, मी जयपुरात ज्याला चाकू लावून पाहिलं, तोच दगड मी लोकांना डोळे मिटून घ्यायला कसा सांगू?”

मागणी रद्द झाली. त्या महिन्यात घरात थोडा अबोलाही राहिला. पुढे एक गृहस्थ आले. मुलीच्या पत्रिकेत मंगळ, दोन स्थळे मोडलेली. तांबूस खडा हातात घेऊन त्यांनी विचारले, “हे पोवळंच ना?” त्यांच्या खिशात किती असेल, हे त्यांच्या चपलांवरून दिसत होते. पुतण्याने त्यांना बसवले, पाणी दिले आणि सारे समजावून सांगितले. ते काही न घेता उठून गेले. भावजय दारात उभ्या राहून ऐकत होत्या. मुलीच्या बापाची ती पाठ पाहून त्या मला हळूच म्हणाल्या, “बरं झालं नाही म्हणाला.”

अठरा हजारांपैकी अकरा हजार आजवर परत आले आहेत. बाकीचे सावकाश येतील, किंवा सगळे येणारही नाहीत. शिक्षकवर्गातील काही मंडळी, खडक-जीवाश्मांचे शौकीन आणि दोन महाविद्यालयीन मुली असे गिऱ्हाईक हळूहळू जमत आहे. पाण्याखाली करवत रोज चालते. प्रत्येक खड्याबरोबर एक चिठ्ठी जाते. ती आता भावजयच आपल्या वळणदार अक्षरात लिहितात : “प्रवाळाचा जीवाश्म. इंडोनेशिया. गारेत रूपांतर झालेला. हे पोवळे नव्हे.”